लाकडाचा स्टोव्ह अनावर होतो तेव्हा
लाकडाच्या स्टोव्हमधील आग सरपणावर जगते हे खरे असले, तरी ती किती जोमाने पेटेल हे ठरते हवेवर. लाकूड 200 ते 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्यातून ज्वलनशील वायू सुटू लागतात. आपल्याला दिसते ती ज्वाला मुख्यतः या वायूंचीच. धगधगत्या निखाऱ्यांवर बारीक, कोरड्या ढलप्या एकदम भरल्या, तर हे वायू एकाच वेळी भरभरून सुटतात, आणि त्यातच राखेच्या कप्प्याचे दार किंचित उघडे राहिले असेल तर निखाऱ्यांना खालून थेट हवा मिळून आग हाताबाहेर जाते.

पुढे तिला बळ मिळते ते धुराड्याकडून. धुराडे जितके तापते तितके त्यातील वायू हलके होऊन वेगाने वर चढतात, त्यांच्या जागी खालून नवी हवा ओढली जाते, आग वाढते आणि धुराडे आणखी तापते. बाहेर कडाक्याची थंडी असली की ही ओढ अधिकच तीव्र होते. पोलादी पत्र्यावर मंद लाली दिसू लागली, तर तापमान 500 अंशांच्या आसपास किंवा त्यापुढे पोहोचले आहे असे समजावे. एवढ्या उष्णतेने पत्रा वाकू शकतो, बिडाला तडे जाऊ शकतात.

अशा वेळी दार उघडून आत डोकावू नये. दार आणि राखेचा कप्पा घट्ट लावून हवेची झडप बंद करावी. अनेक स्टोव्हमध्ये हवेची एखादी वाट कायम उघडी ठेवलेली असते, त्यामुळे परिणाम दिसायला काही मिनिटे लागतात. तोवर जवळचे फर्निचर, कापड दूर सारावे. धुराड्यातील झडप मात्र पूर्ण मिटू नये. धुराची वाट अडली की रंग-वास नसलेला, जीवघेणा कार्बन मोनॉक्साइड खोलीत शिरतो. पाणी तर मुळीच ओतू नये: 1 लिटर पाण्याची सुमारे 1,700 लिटर वाफ क्षणात उसळते आणि तापलेले बीड तडकते.

धुराड्यातून घोंघावणारा आवाज येत असेल, तर आत साचलेल्या काजळीने पेट घेतला असण्याची शक्यता असते. तेव्हा घरातील सर्वांना बाहेर काढून अग्निशमन दलाला बोलवावे.

स्टोव्ह पूर्ण निवल्यावर दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून दार लावावे व ती ओढून पाहावी. पट्टी सहज निसटली, तर दाराच्या कडेची उष्णतारोधक दोरी बदलल्याशिवाय स्टोव्ह पुन्हा पेटवू नये.