काळ्या चौकोनाचा माग

गेममधला कॅमेरा एका ठरावीक कोनात वळला की पडद्यावर काळाकुट्ट चौकोन उमटतो. कोन बदलला की गायब. ग्राफिक्सवर काम करणाऱ्यांना हा चौकोन चांगला ओळखीचा आहे, पण तो आला कुठून हे शोधणं सोपं नाही. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर 20 लाख 73 हजार 600 पिक्सेल असतात. सेकंदाला 60 फ्रेम दाखवायच्या तर प्रत्येक चित्र सुमारे 16.7 मिलिसेकंदांत तयार व्हायला हवं. साध्या प्रोग्रॅममध्ये शंका आली की मध्येच एखादा आकडा छापून बघतात. इथे लाखो पिक्सेलांसाठी तोच शेडर, म्हणजे पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, चाललेला असतो, त्यातला नेमका कुठला आकडा बघणार?

या अडचणीवरचं माझ्या मते सगळ्यात मोलाचं साधन म्हणजे रेंडरडॉक. बाल्डुर कार्लसन यांनी क्रायटेक या गेम कंपनीत असताना ते लिहिलं आणि 2014 मध्ये ते एमआयटी परवान्याखाली, म्हणजे कुणालाही कोड वाचता-वापरता येईल अशा अटींवर, खुलं झालं. फेब्रुवारी 2016 मध्ये व्हल्कन ही नवी ग्राफिक्स प्रणाली जाहीर झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी रेंडरडॉक तिच्यासाठी सज्ज होतं. मोठ्या स्टुडिओत जे साधन वापरतात, तेच घरी शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही फुकट मिळतं, आणि त्याचा कोडही वाचता येतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

रेंडरडॉक गेम आणि ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, यांच्या मधे बसतं. गेम चालू असताना एफ-12 दाबलं की पुढच्या एका फ्रेममध्ये गेमने दिलेली प्रत्येक आज्ञा ते टिपून ठेवतं: ही जाळी (वस्तूचा त्रिकोणांनी बनलेला आकार) काढ, हे टेक्स्चर (पृष्ठभागावरचं चित्र) लाव, हा शेडर चालव. त्या फ्रेमच्या सुरुवातीला ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत काय होतं, तेही सोबत जपून ठेवतं. मधल्या टप्प्यांची चित्रं मात्र साठवत नाही. तुम्ही यादीतली पाचशेवी आज्ञा निवडलीत, तर तिथपर्यंतच्या आज्ञा ग्राफिक्स कार्डावर पुन्हा चालवून तेव्हाचं चित्र समोर ठेवतं. चित्र मागे-पुढे नेता येतं ते यामुळे.

आता चौकोनाकडे. रेंडरडॉकमध्ये एक खास दृश्य आहे. त्यात चित्र करड्या छटांमध्ये दिसतं, अनंत किमती हिरव्या, ऋण किमती निळ्या, आणि 'नॅन', म्हणजे जी संख्याच नाही अशी किंमत, लाल दिसते. शून्याला शून्याने भागलं किंवा ऋण संख्येचं वर्गमूळ काढायला गेलं की नॅन जन्मतं, आणि पुढे त्याच्याशी कुठलंही गणित केलं तरी उत्तर बहुधा नॅनच येतं. शून्याने गुणलं तरी ते मरत नाही.

चौकोन दिसत असलेली फ्रेम उघडून आपण मागे मागे जातो. झळाळीचा परिणाम, म्हणजे ब्लूम, देण्यासाठी गेम चित्र पुन्हा पुन्हा निम्मं करत नेतो. सहा वेळा निम्मं केलेल्या चित्रातला एक पिक्सेल मूळ पडद्यावरचा 64 बाय 64 चा तुकडा व्यापतो. म्हणून एकच बिघडलेला पिक्सेल एवढा मोठा चौकोन होऊन बसतो. शेवटी आठ बिटांच्या चित्रात उतरताना नॅनचा शून्य होतो, आणि शून्य म्हणजे काळा. ब्लूमच्या आधीच्या टप्प्यावर गेलं की भिंतीवर एकुलता एक लाल ठिपका सापडतो. ब्लूम बिचारा निर्दोष असतो.

त्या ठिपक्यावर उजवी टिचकी मारून पिक्सेलचा इतिहास मागवला, की कोणकोणत्या आज्ञांनी त्याला स्पर्श केला आणि कुणाचा रंग टिकला, हे क्रमाने दिसतं. दोषी आज्ञा निवडून तिचा शेडर एकेका ओळीने चालवता येतो. ओळीमागून ओळ आकडे बदलताना दिसतात आणि एका ठिकाणी गाठ पडते: भिंतीवरची लंबदिशा, म्हणजे पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे हे सांगणारा बाण, शून्य लांबीची आली होती, आणि कोडने तिला तिच्याच लांबीने भागलं. भागाकारापूर्वी लांबी एका छोट्या संख्येपेक्षा कमी नाही ना हे पाहिलं की झालं. ब्लूममध्येच नॅन गाळून टाकणारेही आहेत. त्याने पडदा स्वच्छ दिसतो, पण चुकीची दिशा तशीच राहते आणि प्रकाश दुसरीकडे चुकतो.

गुंता वाढतो तो टीएए (टेम्पोरल अँटी-अलायझिंग) वापरल्यावर. कडा मऊ करण्यासाठी हे तंत्र आधीच्या फ्रेमचा रंग नव्या फ्रेममध्ये मिसळतं, त्यामुळे एकदा शिरलेलं नॅन तिथेच ठाण मांडू शकतं. अशा वेळी टिपलेल्या फ्रेमच्या सुरुवातीलाच नॅन हजर असतं आणि त्याचं मूळ त्या फ्रेममध्ये नसतंच. मग रेंडरडॉकला सलग काही फ्रेम टिपायला सांगायचं, किंवा क्रमांक देऊन आधीची फ्रेम पकडायची, आणि टीएए आधीच्या फ्रेमचा रंग जिथे जपतं, त्या जागेत नॅन पहिल्यांदा कधी शिरलं ते पाहायचं.