बोट ‘कोर्टात गेली’: जप्ती की नादारी?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बेलिफाने ट्रॉलर जप्त केला काय, किंवा मालक नादार (दिवाळखोर) ठरून तो रिसीव्हरकडे (मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे) गेला काय, धक्क्यावर बोलणं एकच: ‘बोट कोर्टात गेली.’ कायद्याने मात्र जप्तीत बोट मालकाचीच राहते. नादारीत राहत नाही.

जप्ती एका धनकोच्या (पैसे येणं असलेल्याच्या) दरखास्तीवर, म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी केलेल्या अर्जावर, होते. जंगम वस्तू बेलिफ ताब्यात घेतो. घर-जमिनीवर मनाई हुकूम येतो, दवंडी पिटतात, हुकूम जागेवर आणि कोर्टात चिकटवतात. त्यानंतर मालकाने परस्पर विक्री केली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 64 प्रमाणे ती जप्तीखालच्या दाव्यापुढे टिकत नाही. कोकणातल्या सामायिक सातबाऱ्यावर ऋणकोच्या (कर्जदाराच्या) हिश्श्यापुरतीच जप्ती चालते. बाकीच्या भावकीने घाबरायचं कारण नाही. हापूसच्या पेट्यांसारखा नाशवंत माल बेलिफ लगेच विकू शकतो.

नादारी सगळ्या धनकोंसाठी असते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडात व्यक्तीला 1920 चा प्रांतिक नादारी कायदा लागतो (मुंबई शहराला 1909 चा वेगळा). ऋणकोला स्वतः अर्ज करायला 500 रुपयांचं कर्ज पुरतं. आकडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. नादार ठरवल्याचा हुकूम झाला, की कलम 28 ने सगळी मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे निहित होते, म्हणजे मालकी तिकडे जाते, आणि परिणाम अर्जाच्या तारखेपासून धरला जातो. त्यानंतर तारण नसलेल्या कुठल्याही धनकोला कोर्टाच्या परवानगीशिवाय त्या मालमत्तेवर हात टाकता येत नाही.

घोळ होतो तो इथे. आधी जप्ती आणली म्हणून पैसे आपलेच, असं दरखास्तदार धरून चालतो. नादारी कायद्याचं कलम 51 विचारतं ते वेगळंच: नादारीचा अर्ज दाखल करून घेतला गेला त्याआधी लिलावाचे किंवा वसुलीचे पैसे आले होते का? नसतील, तर तो रिसीव्हरविरुद्ध जप्तीचा फायदा घेऊ शकत नाही. दावा-दरखास्तीचा खर्च तेवढा आधी मिळतो. ऋणकोची चूक उलटी. नादारीचा अर्ज केला म्हणजे लिलाव आपोआप थांबेल, असं त्याला वाटतं. अर्ज दाखल करून घेतल्याची सूचना दरखास्त चालवणाऱ्या कोर्टाला द्यावी लागते आणि मालमत्ता रिसीव्हरकडे सोपवण्यासाठी तिथे अर्जही करावा लागतो. लिलाव आधीच उरकला असेल, तर प्रामाणिक खरेदीदाराची मालकी रिसीव्हरविरुद्धही पक्की.

बायकोच्या नावावर घर करून ठेवणाऱ्यांनी कलम 53 वाचावं: मोबदल्याशिवायचं हस्तांतर, ते केल्यापासून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज आला, तर रद्द होऊ शकतं.

बोट बँकेकडे तारण असेल, तर बँकेचा तारणाचा हक्क नादारीने जात नाही. रिसीव्हरच्या हाती येतं ते बँकेचं फेडून उरलेलं.

स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याचं राहतं घर दोन्हीकडे वाचतं.