बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरची वजनवाढ

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर उतरलेले वजन काही काळाने अंशतः परत येणे. मराठवाड्यात ‘पोट लहान करायचं ऑपरेशन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शस्त्रक्रियेची लायपोसक्शनशी पुष्कळदा गल्लत होते. लायपोसक्शनमध्ये त्वचेखालची चरबी शोषून काढतात. येथे चरबीला हात लागत नाही. जठर आणि आतड्याची रचना बदलते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून उरलेल्याची अरुंद नळी करतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलि.ची पिशवी राखून ती थेट लहान आतड्याला जोडतात.

वजन साधारण पहिल्या वर्ष-दोन वर्षांत तळ गाठते आणि मग थोडे चढते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन कमाल ३२ टक्के घटले होते; दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. केवळ जठराभोवती पट्टा बसवलेल्यांत २० टक्क्यांची घट १४ वर आली. त्याच काळात शस्त्रक्रिया न झालेल्या गटाचे वजन जवळजवळ जागेवरच होते. तळापासून थोडे वर येणे हा या उपचाराचा नेहमीचा मार्ग आहे. ‘ऑपरेशन फेल गेलं’ असे म्हणण्याची घाई पाहुणेमंडळी करतात, ती बहुधा चुकीची असते. कितव्या किलोपासून वाढीला विकार मानायचे, याची एकच सर्वमान्य व्याख्या नाही.

कारणांचे मूळ चयापचयात आहे. १२० किलोंचा माणूस ८५ किलोंवर आला की तोच बांध, तेच अंतर चालायला त्याला जवळपास तीस टक्के कमी ऊर्जा लागते. घटलेल्या वजनात स्नायू आणि इतर चरबीविरहित ऊतींचा वाटाही साधारण पाव ते एक तृतीयांश असतो. स्नायूंचा एक किलो विश्रांतीत दिवसाला सुमारे १३ कॅलरी जाळतो, चरबीचा साडेचार. इथवरचा हिशेब सरळ आहे. पण नव्या वजनाला साजेशा खर्चाहूनही कमी खर्च शरीर करू लागते. हे १९४४–४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे ३६ तरुणांना महिनोन्‌महिने अर्धपोटी ठेवून ॲन्सेल कीज यांनी केलेल्या प्रयोगात दिसले. पुढे वजन उतरवण्याच्या एका अमेरिकी टीव्ही स्पर्धेतील १४ जणांत, स्पर्धेला सहा वर्षे उलटूनही, विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी आढळला. चरबी आटली की लेप्टिन हे संप्रेरक घटते आणि मेंदू त्याचा अर्थ उपासमार असा लावतो. ७२ चा दुष्काळ पाहिलेले घर चांगल्या पावसाच्या वर्षीही आधी कणगी भरते, तसेच हे.

केवळ डाएट करणाऱ्यात भूक वाढवणारे घ्रेलिन चढते. स्लीव्हमध्ये घ्रेलिन स्रवणारा जठराचा घुमटाकार भागच निघून जातो. बायपासनंतर जेवल्यावर जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरके जोरात वाढतात. शस्त्रक्रिया डाएटपेक्षा जास्त काळ टिकते ती यामुळे. पोट लहान असणे हे त्यातले एक अंग. मात्र हा आधार काळानुसार सैल पडू शकतो. नळी किंवा जोडाचे तोंड रुंदावू शकते. वजनवाढीचे खापर रुग्णाच्या जिभेवर फोडण्याची प्रथा घरात आहे तशी दवाखान्यातही आहे, आणि तिच्यामुळे अनेक जण वजनकाट्यासमोर जायचेच टाळतात.

जेवणाचा वाटा अर्थातच आहे, पण तो पुष्कळांना वाटतो तिथे नाही. शाळूची भाकरी, पिठलं, डाळ यांनी लहान जठर लवकर भरते. कोरडी भाकरी सुरुवातीला घशाखाली अडकल्यासारखी होते म्हणून माणूस चहात बुडवलेली खारी, बिस्किटे, चिवडा, आइस्क्रीम यांकडे वळतो. हे पदार्थ झरकन खाली सरकतात आणि कॅलरी साठत जातात. बायपासनंतर गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, चक्कर येते (डम्पिंग), पण शेव-फरसाणाच्या बाबतीत हा पहारा कामाचा नाही. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. माळकरी घरात अंडी-मांस नसते; शिजलेल्या वरणाच्या वाटीतून पाच-सात ग्रॅमच मिळतात, त्यामुळे दूध, दही, पनीर, चणे, सोयाबीन यांचा मुद्दाम मेळ घालावा लागतो. उपवासाचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट. निर्जळी उपवास किंवा रोजा धरायचा तर आधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक, कारण एका वेळी भरपूर पाणी पिणे या पोटाला जमत नाही. लातूर-धाराशिवकडच्या येळवसेला (वेळा अमावास्येला) भज्जी, आंबील, खीर चाखायला हरकत नसते. अडचण होते ती पाहुणचाराच्या आग्रहाची.

स्टेरॉइड, इन्सुलिन, काही मनोविकारांवरील गोळ्या, थायरॉइडची कमतरता यांनीही वजन चढते. गुडघेदुखीवर किंवा दम्यावर गावातून मिळालेल्या ‘पॉवरच्या गोळ्यां’त स्टेरॉइड असू शकते, हे तपासण्याजोगे. बायपासनंतर दारू लवकर व जास्त चढते.

मराठवाड्यापुरता सर्वांत दुबळा दुवा पाठपुराव्याचा. शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत किंवा संभाजीनगरात, रुग्ण हिंगोली किंवा भूमच्या खेड्यात; पहिल्या वर्षी फेऱ्या होतात, नंतर सोयाबीनची काढणी, लग्नसराई, गाडीभाडे आड येते. वाढ नेमकी त्यानंतर सुरू होते. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र आयुष्यभराच्या असतात. त्यांच्या रक्ततपासण्या जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या गावी, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडला, करून अहवाल फोनवर पाठवता येतात.

वाढ लक्षणीय असेल तर एंडोस्कोपी करून रचना पाहतात. स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करता येते, पण दुसऱ्या शस्त्रक्रियेचा धोका पहिलीपेक्षा अधिक. २०२५ पासून भारतात टिर्झेपटाइड आणि वजनासाठीच्या मात्रेत सेमाग्लुटाइड ही वजन उतरवणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने उपलब्ध झाली आणि शस्त्रक्रियेनंतरच्या वाढीवरही ती दिली जाऊ लागली आहेत. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आला.