केस कधीच निकाली, पण पोलीस पडताळणीत अजून 'न्यायप्रविष्ट'?

चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरणं सोपं आहे. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, सही, कंपनीचं पत्र, फी; झालं. घोडं अडतं ते जुन्या केसपाशी. बांधावरचं भांडण मिटलेलं असतं, कोर्टाने निर्दोष सोडलेलं असतं, तरी पोलीस ठाण्यातल्या स्क्रीनवर 'न्यायप्रविष्ट'.

पोलिसांच्या नोंदी सीसीटीएनएस या त्यांच्या संगणक प्रणालीत, कोर्टाच्या ई-कोर्ट्समध्ये. या दोघांना तुरुंग, फॉरेन्सिक आणि सरकारी वकिलांशी जोडणारी आयसीजेएस ही यंत्रणा आहे. 2022 मध्ये तिच्या दुसऱ्या टप्प्याला 3,375 कोटी रुपये मंजूर झाले. पण जुन्या खटल्यात गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजेच एफआयआर नंबर) भरलेलाच नसेल, तर संगणकाला दोन्ही नोंदी एकाच केसच्या आहेत हे कळणार कसं? मग फेऱ्या अर्जदाराच्याच नशिबी.

लागतो एकच कागद, निकालाची प्रमाणित प्रत. वकिलाकडच्या झेरॉक्सवर विसंबू नका. कोर्टाच्या नक्कल विभागात लोक गु.र.नं. घेऊन जातात आणि हात हलवत परत येतात, कारण तिथे खटल्याचा नंबर लागतो: आरसीसी (नियमित फौजदारी खटला) किंवा एससीसी (संक्षिप्त फौजदारी खटला), आणि वर्ष. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर एफआयआर नंबरवरून शोधता येतो. तिथे वर्ष टाकायचं ते गुन्हा दाखल झाल्याचं, निकालाचं नव्हे. नाहीच सापडला, तर नावाने शोधा किंवा ठाण्यातल्या पैरवी हवालदाराला, म्हणजे कोर्टाची कामं पाहणाऱ्याला, गाठा. दोषारोपपत्र न जाता समरी झाली असेल, म्हणजे पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला असेल, तर ती मंजूर केल्याचा कोर्टाचा आदेश काढा. हे सगळं निवड यादी लागायच्या आधी करा. रेकॉर्ड रूममधली जुनी फाईल तुमच्या रुजू होण्याच्या तारखेसाठी थांबत नाही.

प्रत हातात आली की नोंद दुरुस्तीचा साधा अर्ज ठाण्यात द्या. त्यात गु.र.नं., खटल्याचा नंबर, निकालाची तारीख. पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय निघू नका. "करतो, या उद्या" ही पोचपावती नव्हे.

सरकारी भरती असेल तर साक्षांकन नमुन्यात, म्हणजे उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्ममध्ये, गुन्ह्यांबद्दलचा रकाना असतो. 'कधी गुन्हा दाखल झाला होता का?' असं विचारलं असेल, तर निर्दोष सुटलेल्यांनीही 'होय' लिहून निकाल जोडायचा. सुटलो म्हणजे केसच नव्हती, असं समजून पोरं 'नाही' लिहितात आणि नेमकी तिथेच अडकतात. निर्दोष सुटला असाल तरी विचारलेली माहिती खरी द्या, हे सर्वोच्च न्यायालयाने अवतारसिंग प्रकरणात 2016 मध्येच सांगितलंय. खरं लिहूनही नेमणूक मिळेलच असं नाही, पूर्वेतिहास पाहायचा अधिकार नियुक्ती करणाऱ्याला आहेच. पण लपवलेलं उघडकीला आलं, तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते.