पार्श्वभूमी : मारधाडपटांचं ‘ए’ प्रमाणपत्र

‘ॲनिमल’ (डिसेंबर २०२३), ‘किल’ (जुलै २०२४) आणि ‘धुरंधर’ (डिसेंबर २०२५) हे तिन्ही चित्रपट ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र घेऊन आले. त्यांतल्या पहिल्या आणि शेवटच्या चित्रपटाने गल्ल्याचे आकडे कुठल्या कुठे नेले. हिंदी सिनेमात एवढा रक्तपात अचानक कुठून आला, हा प्रश्न तेव्हापासून सारखा विचारला जातो. माझ्या मते यात अचानक असं काही नाही. रक्त आधीही होतं. मधली दहा-पंधरा वर्षं मोठ्या नटांच्या मारधाडपटांतून ते पुसलं गेलं, आणि पुसणारा हात मुख्यतः टीव्हीच्या बाजाराचा होता.

फार मागचं थोडक्यात. चित्रपट प्रमाणपत्रांचा कायदा १९५२चा. प्रदर्शनाआधी चित्रपट तपासणं घटनेत बसतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली सांगितलं. सर्वांसाठीचं ‘यू’ आणि ‘ए’ यांच्यामधली ‘यूए’ ही पायरी (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली पाहायची) १९८३ साली आली. त्याआधी आणीबाणीत ‘शोले’चा शेवट बदलावा लागला होता. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. प्रदर्शित प्रतीत ऐनवेळी पोलीस येऊन त्याला अडवतात. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला चालणार नाही, ही तेव्हाची हरकत. मूळ शेवट मोठ्या पडद्यावर यायला २०२५ साल उजाडलं.

मुंबईच्या गुन्हेगारीपटांचा खरा काळ मात्र १९९८ ते २००७. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली घरं बसली, टोळ्यांना पोरं मिळत गेली, आणि त्या पोरांच्या बोलीसकट जगणं पडद्यावर आलं. ‘सत्या’ ‘ए’ प्रमाणपत्रावर लागला. त्यातला भिकू म्हात्रे घरात बायकोशी कडाकडा भांडतो, बाहेर माणसं मारतो, आणि दोन्हीकडे तोच माणूस वाटतो. गणपती विसर्जनाच्या गर्दीत भाऊ या पुढाऱ्याला भोसकतात तेव्हा ढोलांच्या आवाजात किंकाळीही ऐकू येत नाही. ‘वास्तव’मध्ये पावभाजीच्या गाडीवरच्या भांडणातून सगळं सुरू होतं. या चित्रपटांत गोळीला वजन होतं, कारण गोळी लागलेल्या माणसाचं घर आपण आधी पाहिलेलं असायचं.

‘ब्लॅक फ्रायडे’चं प्रकरण या वादात नेहमी ओढलं जातं, पण ते वेगळं आहे. १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांवरचा हा चित्रपट जानेवारी २००५ मध्ये लागायचा होता. खटल्याचा निकाल बाकी असताना आम्हाला पडद्यावर दोषी ठरवू नका, या आरोपींच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि चित्रपट फेब्रुवारी २००७ मध्ये लागला. हा प्रश्न न्यायाचा होता, हिंसेचा नव्हता. मला ती स्थगिती समजते.

मला न पटलेला निर्णय २००५चा. घरातल्या टीव्हीवर कोणत्याही वेळी ‘ए’ चित्रपट लागतात, मुलं ते पाहतात, अशी तक्रार मुंबईतल्या एका प्राध्यापिकेने उच्च न्यायालयात नेली होती. तक्रार खोटी नव्हती. केबलवर तेव्हा काहीही चालायचं. त्यावर २००५च्या डिसेंबरात आदेश झाला, तो थोडक्यात असा : वाहिन्यांवर ‘यू’ आणि ‘यूए’ एवढंच दाखवायचं. रात्री अकरानंतर ‘ए’ दाखवा, दिवसा नको, अशी वेळेची वाट काढता आली असती. पुष्कळ देशांत तशी रीत आहे. इथे सरसकट दार लागलं.

परिणाम पडद्यावर दिसले. उपग्रह हक्कांची, म्हणजे टीव्हीवर दाखवण्याच्या हक्कांची, रक्कम ही त्या दशकात निर्मात्याची मोठी खात्रीची कमाई होती. ‘ए’ घेतला की ती अडकायची. मग दोनच मार्ग : चित्रपट कापून टीव्हीसाठी पुन्हा प्रमाणपत्र मागायचं, नाहीतर लिहितानाच ‘यूए’ धरून लिहायचं. पहिल्या मार्गाने गेलेले चित्रपट टीव्हीवर ज्यांनी पाहिलेत त्यांना ते आठवतील. सुरा वर जातो, फ्रेम उडी मारते आणि माणूस आधीच जमिनीवर असतो. शिवीच्या जागी शांतता असते, ओठ मात्र हलतात. दुसऱ्या मार्गाने आला तो २०१० नंतरचा खाकी, म्हणजे पोलीस नायकाचा, मारधाडपट. गाड्या गिरक्या घेत हवेत उडायच्या, वीस गुंड भिंतीवर आपटायचे, आणि नायकाच्या कॉलरला रक्ताचा थेंब लागायचा नाही. मुलांना हे निरुपद्रवी म्हणून दाखवलं गेलं. मार बसला की दुखतं, एवढंही न दाखवणारी हिंसा मला जास्त घातक वाटते. ‘गँग्स ऑफ वासेपूर’सारखे अपवाद झाले, पण ते मोठ्या नटांच्या व्यवहाराबाहेरचे.

२०१८ मध्ये ‘सेक्रेड गेम्स’ आणि ‘मिर्झापूर’ या वेबमालिका आल्या आणि गणित बदललं. ओटीटीला, म्हणजे इंटरनेटवरून दाखवणाऱ्या मंचांना, सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र लागत नाही. २०२१च्या नियमांनी वयाचा शिक्का स्वतःच मारायची मुभा दिली. हक्कांचा पैसा तिकडून यायला लागल्यावर ‘ए’ची भीती ओसरली. ‘किल’मध्ये याचं फळ दिसतं. चित्रपटाचं नाव पडद्यावर येतं तेच जवळजवळ निम्मा चित्रपट सरल्यावर. तोवर रेल्वेच्या डब्यात नायक दरोडेखोरांना फक्त लोळवतो. नाव आल्यानंतर तो जिवे मारतो. अग्निशामक नळकांड्याचा घाव बसतो तेव्हा आपण खुर्चीत आक्रसतो, कारण प्रत्येक मेलेल्यासाठी त्याच टोळीतला कुणी नातलग रडताना दाखवलाय. ‘ॲनिमल’मध्ये हे भान मला दिसलं नाही, तिथे बंदुकीचा आकार कथेपेक्षा मोठा आहे. दोन्हींवर शिक्का एकच.

१९५२च्या कायद्यातल्या २०२३च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग केले. १६चा आकडा पाहून पंधरा वर्षांच्या मुलाला दारावर अडवतील असं अनेकांना वाटतं. तसं नाही. तो आकडा पालकांसाठी सूचना आहे, थिएटरवाल्याने तो राबवायचा नाही. अडवायचं ते फक्त ‘ए’ला. याच दुरुस्तीने ‘ए’ चित्रपटाला टीव्हीसाठी वेगळं प्रमाणपत्र देण्याची सोयही कायद्यात आणली. तरी २०२५ मध्ये ‘मार्को’ या मल्याळम चित्रपटाने टीव्हीसाठी श्रेणी बदलून मागितली, ती मंडळाने नाकारली. लहान मुलांवरची आणि गरोदर बाईवरची हिंसा त्यात ज्या तऱ्हेने येते, ती पाहता कात्री लावून ते साधलं असतं असं मलाही वाटत नाही. पण रात्री उशिराची वेळ राखून ‘ए’ चित्रपट न कापता दाखवण्याचा पर्याय तेव्हाही कुणी गंभीरपणे मांडलेला मला दिसला नाही.