टाकी भरलेली, पाइप गंजलेला

हल्ली कॉलेजातल्या पोरांना जुने डिजिटल कॅमेरे हवे असतात. फोनचे फोटो म्हणे फार गुळगुळीत येतात. गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीने आमच्या नौपाड्यातल्या घराचा माळा उपसून पंधरा वर्षांपूर्वीचा खिशात मावणारा कॅमेरा शोधून काढला. बॅटरी चार्ज केली, बटण दाबलं. लेन्स कर्रर्र करत अर्धी बाहेर आली आणि तिथेच अडकली. पडद्यावर ‘लेन्स एरर’, मग काळोख.

“मामा, लेन्स गेली.”

दुरुस्तीवाल्याचंही निदान तेच. लेन्सचा अख्खा संच बदलायला त्याने सांगितलेल्या पैशांत दुसरा जुना कॅमेरा आला असता. मला मात्र संशय बॅटरीचा होता, कारण एक गोष्ट खटकत होती. फोटो बघायचं बटण दाबून कॅमेरा सुरू केला की तो अर्धा अर्धा तास मजेत चालायचा. जुन्या गणपतीचे फोटो आम्ही सगळे बघून काढले. फोटो काढायला घेतला की मात्र मान टाकायचा. फरक एवढाच, की फोटो बघताना लेन्स हलत नाही.

लेन्स हलवणारी मोटर छोटी असली तरी खादाड असते. थांबलेली मोटर सुरू होते त्या क्षणी ती सगळ्यात जास्त करंट ओढते. तिच्या दातेरी चाकांपाशी एक प्रकाशसंवेदक बसलेला असतो. चाक किती फिरलं हे तो मोजतो, आणि त्यावरून लेन्स कुठवर आली हे कॅमेऱ्याला कळतं. ठरल्या वेळेत ठरलेला आकडा भरला नाही, की कॅमेरा ‘लेन्स एरर’ म्हणून हात वर करतो. आकडा का भरला नाही, हे त्याला माहीत नसतं. चाकात वाळूचा कण अडकला, दात तुटला किंवा मोटरला पुरेसा जोर मिळाला नाही, तरी तक्रार एकच.

पण चार्जरचा दिवा तर हिरवा झाला होता. व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावला, तर ४.१ व्होल्ट. पूर्ण भरलेली लिथियम-आयन बॅटरी ४.२ दाखवते, म्हणजे ही ठणठणीत!

इथेच फसगत होते. आपल्याकडच्या जुन्या इमारती आठवा. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असते, पण पाइप आतून गंजलेला. नळ थेंब थेंब सोडला तर काही कळत नाही. पूर्ण उघडला की करंगळीएवढी धार. बॅटरीतल्या या गंजलेल्या पाइपाला अंतर्गत रोध म्हणतात. समजा नव्या बॅटरीचा रोध ०.१ ओहम आहे. एक अँपिअर करंट ओढला तर ०.१ व्होल्ट आतच खर्च होतो, कुणाला पत्ताही लागत नाही. म्हातारपणी तोच रोध ०.७ झाला, तर ४.१चे बाहेर ३.४च उरतात. मोटरने आणखी हिसका दिला की विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कॅमेऱ्याने आखलेल्या किमान रेषेखाली जातो आणि लेन्स अर्ध्या वाटेवर असतानाच सगळं बंद. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून त्याला टाकी दिसते, पाइप नाही.

पेन्सिल सेलवर चालणारे कॅमेरे ज्यांनी वापरले, त्यांनी हा चमत्कार पाहिला असेल. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा आणि चार्ज होणारा निकेलचा १.२ व्होल्टचा, तरी कॅमेऱ्यात टिकतो निकेलवाला. त्याचा पाइप रुंद असतो.

हा गंज येतो कुठून? लिथियम-आयन बॅटरी १९९१मध्ये सोनीने बाजारात आणली, आणि तिच्या पायाभूत संशोधनाला २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिच्यातल्या ग्रॅफाइटवर पहिल्याच चार्जिंगला एक पातळ थर धरतो. तो थर हवाच, नाहीतर आतलं द्रावण ग्रॅफाइटशी भिडून नासत राहील. पण तो वर्षानुवर्षं जाड होत जातो, उकाड्यात जास्तच, आणि बॅटरी पूर्ण भरून ठेवली तर आणखी. ठाण्याचा माळा आणि एप्रिल-मे! निम्मी भरून, गार कपाटात ठेवली असती तर बरी टिकली असती. पूर्ण रिकामी ठेवणंही वाईट. दाब फारच उतरला तर आतलं तांबं विरघळू लागतं, आणि अशी बॅटरी जबरदस्तीने चार्ज करणं धोक्याचं. फुगलेली तर दाबूही नये, टोचूही नये, थेट ई-कचऱ्यात द्यावी.

नवी बॅटरी घातली. लेन्स बाहेर आली! थोडी कुरकुरत, ती वाळू बहुधा अलिबागची.

पुढच्या रविवारी सकाळी भाची ऐरोलीला खाडीवर गेली, फ्लेमिंगो बघायला. तासाभरात फोन: “मामा, सगळं धुरकट दिसतंय.” एसी गाडीतून काढून कॅमेरा थेट खाडीच्या हवेत! हवा ३३ अंशांची आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २७ अंश. त्याहून थंड काचेवर दव धरणारच. कॅमेरा बंद पिशवीत ठेवून पंधरा-वीस मिनिटं गरम होऊ द्यायचा, एवढाच उपाय. बाहेरचं दव उडून जातं. आत राहिलेला दमटपणा मात्र बुरशीला बोलावतो. कोळ्याच्या जाळ्यासारखी ती लेन्सच्या काचांवर पसरते आणि तिच्यातली आम्लं काचेवरचा लेप खातात. ते नुकसान पुसून जात नाही. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, आमच्याकडे एवढं पुरतं. चामडी केस पावसाळ्यात अजिबात नको, ती ओल धरून ठेवते.

आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कॅमेरा उघडायचा नाही, हे भाचीला दोनदा बजावलं. फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो काही काळ तिथेच बसून राहतो.

संध्याकाळी तिने फोटो दाखवले. फ्लेमिंगो म्हणजे चिखलात सांडलेले गुलाबी ठिपके, त्या बिचाऱ्या झूमची धाव तेवढीच. खाली कोपऱ्यात तारीख: १ जानेवारी २००९. घड्याळ चालू ठेवणारा आतला इवलासा सेलही संपला होता. म्हटलं, तारीख लावून देतो.

“नको मामा, राहू दे. भारी दिसतंय.”