क्रूझवरची रोजची ग्रॅच्युइटी आणि बिलातले १८ टक्के: नाव एक, खर्च दोन

'ग्रॅच्युइटी' म्हटलं की आपल्याला १९७२ चा कायदा आणि सलग पाच वर्षांची नोकरी आठवते. जहाजावर मात्र या शब्दाचा अर्थ बक्षिशी, आणि तीही दोन निरनिराळ्या प्रकारची. एक माणशी दर रात्रीमागे आपोआप तुमच्या जहाजावरच्या खात्यावर, म्हणजे उतरताना फेडायच्या बिलावर, चढते. दुसरी ड्रिंकच्या, स्पाच्या प्रत्येक बिलात टक्क्यांनी घातलेली असते. बजेट फसतं ते इथे. घरून निघताना पहिली धरलेली नसते, आणि जहाजावर दुसरी दोनदा दिली जाते.

नावावर जाऊ नका. रॉयल कॅरिबियन ही क्रूझ कंपनी दोन्हींना ग्रॅच्युइटीच म्हणते. इतर कंपन्यांपैकी नॉर्वेजियन पहिलीला सर्व्हिस चार्ज म्हणते, प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका 'क्रू अप्रिसिएशन', तर एमएससी 'हॉटेल सर्व्हिस चार्ज'. खूण एकच पाहायची: आकडा माणसं गुणिले रात्री असा येतो, की बिलाच्या टक्क्यांत?

माणशी, दर रात्री

सिंगापूरहून निघणारी रॉयल कॅरिबियनची ४ रात्रींची फेरी घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच कुटुंबांची पहिली क्रूझ हीच असते. साध्या खोलीसाठी दर आहे माणशी दिवसाला १८.५० डॉलर, स्वीटमध्ये २१ डॉलर. आई, बाबा, ८ वर्षांची मुलगी आणि ३ वर्षांचा मुलगा एकाच खोलीत असतील तर ४ × ४ × १८.५० = २९६ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर २६,६४० रुपये. सिंगापूर असलं तरी जहाजावरचा हिशेब अमेरिकन डॉलरमध्येच चालतो.

इथे घोळ होतो तो मुलांचा. 'तिसरा-चौथा प्रवासी मोफत' अशी जाहिरात असते तेव्हा मोफत असतं ते फक्त भाडं. बंदराचे कर आणि ही ग्रॅच्युइटी त्यांच्या नावावर लागतेच. रॉयल कॅरिबियन वयाची सूट देत नाही, तान्हं बाळही मोजलं जातं. कार्निव्हलवर २ वर्षांखालच्या आणि नॉर्वेजियनवर ३ वर्षांखालच्या मुलांना हा आकार नाही. म्हणजे वरच्या रॉयल कॅरिबियनच्या उदाहरणात भाडं 'मोफत' असलेल्या दोन मुलांचेच १४८ डॉलर होतात.

हे पैसे जातात खोली आवरणाऱ्या अटेंडंटला, डायनिंग रूममधल्या वेटरला आणि हॉटेल विभागातल्या इतर लोकांना. पूर्वी शेवटच्या रात्री पाकिटं वाटायची पद्धत होती. आता ती रक्कम खात्यावर चढते, एवढाच फरक. या मंडळींत गोव्याचे आणि कोकणातले बरेच असतात. गोव्यात तर जहाजावर नोकरी करणाऱ्याला 'तारवटी' असा शब्दच आहे. तेव्हा जेवणाच्या टेबलावर मराठीत कुजबुजताना जरा जपून.

बिलाच्या मागे टक्के

दुसरी रक्कम काही विकत घेतलं तरच लागते. रॉयल कॅरिबियनवर बारमधलं ड्रिंक, खोलीतला मिनीबार, स्पा आणि सलून यांवर १८ टक्के, नॉर्वेजियनवर २० टक्के. ती त्या सेवेतल्या लोकांची असते. बुफेतलं पाणी, साधा चहा-कॉफी आणि लेमोनेड यांना पैसेच नाहीत, त्यामुळे टक्केही नाहीत. फक्त तेवढ्यावर भागवणाऱ्या कुटुंबाला हा दुसरा खर्च जवळजवळ शून्य येतो.

मेनूवर लिहिलेली किंमत टक्के धरून नसते. १४ डॉलरचं कॉकटेल मागवलं की पावती अशी येते: ड्रिंक १४.००, ग्रॅच्युइटी २.५२, एकूण १६.५२. त्याखाली आणखी एक रिकामी ओळ असते, 'अ‍ॅडिशनल ग्रॅच्युइटी', आणि तिच्याखाली सहीची जागा. ही रिकामी ओळ बघून अनेकांना वाटतं की टिप अजून द्यायची आहे, आणि ते २-३ डॉलर लिहून मोकळे होतात. बारटेंडर खूश होईल, पण तुम्ही एकाच ग्लासावर दोनदा बक्षिशी दिलीत. खास सेवा मिळाली म्हणून द्यायची असेल तर अवश्य द्या. नसेल तर त्या ओळीवर आडवी रेघ मारा, एकूण रक्कम स्वतःच्या हाताने लिहा आणि मग सही करा.

ड्रिंक्स पॅकेजचंही असंच. समजा दर दिवसाला ७० डॉलर दाखवला आहे. दोघांचे ४ दिवसांचे ५६० होतात, पण कार्टमध्ये १८ टक्के चढून आकडा ६६०.८० वर जातो. शिवाय रॉयल कॅरिबियनवर मद्याचं पॅकेज खोलीतल्या एका मोठ्या माणसाने घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं. नवरा घेतो आणि बायको फक्त सरबत पिते अशा जोडप्याला हे परवडत नाही. काही कंपन्या पॅकेज 'मोफत' देतात, पण त्याच्या मूळ किमतीवरचे टक्के तुमच्याकडूनच घेतात. त्याला मोफत म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

काय कमी करता येतं, काय नाही

व्यवहारातला मोठा फरक हा आहे. रोजची ग्रॅच्युइटी आधी भरलेली नसेल तर रॉयल कॅरिबियनवर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन कमी-जास्त करून घेता येते, मात्र उतरायच्या दिवसाची सकाळ उजाडण्यापूर्वी. काही कंपन्यांवर ती सक्तीची असते. उलट ब्रिटनच्या पीअँडओ क्रूझेसने २०१९ मध्ये रोजची बक्षिशी बंदच केली. बिलातले टक्के मात्र काढता येत नाहीत. ते नको असतील तर वस्तूच घ्यायची नाही.

तिथे एक वाद घालू नये. भारतात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये हॉटेलांना परस्पर सर्व्हिस चार्ज लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते योग्य ठरवलं. ते नियम भारतातल्या हॉटेल-रेस्टॉरंटना आहेत. सिंगापूरहून सुटलेल्या परदेशी जहाजाच्या काउंटरवर ते दाखवून उपयोग नाही. आमच्या मते रोजची ग्रॅच्युइटी काढून घेण्याच्या फंदात पडूच नये. ती भाड्याचाच भाग समजून पहिल्या दिवशी धरावी. सेवेत खोट असेल तर ती त्याच दिवशी काउंटरवर सांगावी, म्हणजे उरलेल्या रात्री तरी सुधारते.

आधी भरण्याचा फायदा असा की जहाजावरचं बिल हलकं होतं, आणि रॉयल कॅरिबियनने दर वाढवला तेव्हा आधी भरलेल्यांकडून फरक घेतला नाही. एजंटकडून कोटेशन घेताना 'ग्रॅच्युइटी धरून की सोडून' हे लेखी विचारा. नुसतं 'ऑल इन्क्लुझिव्ह' या शब्दावर थांबू नका, त्यात काय काय आहे ते ओळीने मागा.

जहाजावर भरायचं तर कार्डाचा खर्च धरा. बऱ्याच भारतीय क्रेडिट कार्डांवर परकी चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, ३.५ टक्के आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. २९६ डॉलरवर हे सुमारे १२ डॉलर होतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड (परकी चलन आधीच भरून नेलेलं कार्ड) जहाजावरच्या खात्याला जोडलंत तर जहाज अंदाजे रक्कम अडकवून ठेवतं. ती सुटायला कित्येक दिवस लागतात, आणि तोवर सिंगापुरात उतरल्यावर तेवढे पैसे खरेदीला वापरता येत नाहीत. जहाजाला क्रेडिट कार्ड द्या, फॉरेक्स कार्ड बाहेरच्या खर्चाला राखून ठेवा.

या दोन्हींत न बसणारे लोकही आहेत: किनाऱ्यावरच्या सहलीचा गाइड, बसचा ड्रायव्हर, अमेरिकेतल्या बंदरांवर बॅगा उचलणारे पोर्टर. त्यांच्यासाठी १ आणि ५ डॉलरच्या नोटा वेगळ्या ठेवा. पोर्टरला बॅगेमागे १-२ डॉलर चालतात.

शेवटच्या संध्याकाळी जेवायला जाण्यापूर्वी अ‍ॅपवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर खातं उघडा. दोन गोष्टी बघा: ग्रॅच्युइटी आधी भरलेली असूनही रोज परत चढली आहे का, आणि ज्या पावतीवर तुम्ही रेघ मारली होती तिथे जास्तीची टिप टाकली गेली आहे का. काही चुकलं असेल तर त्याच रात्री काउंटर गाठा, कारण सकाळी तिथे बॅगांसकट अख्खं जहाज रांगेत उभं असतं.